डावखुऱ्याचे वाइड

आमच्या साहेबांनी आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून द्वेष केला. एक वाइड बॉल आणि दुसरा तो टाकणारा माणूस. रविवारी इथे सिंगापूरमध्ये आमच्या मराठी मंडळींचं क्रिकेट असतं, तिथे ते कॅप्टन. त्यांच्या टीममधल्या कुणी वाइड टाकला की मिड-ऑफवरून अशी हाक यायची की समुद्रापलीकडे जोहोरमध्ये लोक दारं लावून घ्यायचे. एका बिचाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याने एकाच षटकात लागोपाठ वाइड टाकले, तर तो पुढच्या आठवड्यात सामान बांधून पुण्याला परत गेला. लोक म्हणतात, त्याच्या वडिलांची तब्येत बरी नव्हती. म्हणोत बापडे. मी स्कोअर लिहायला तिथे बसले होते, मी त्याचा चेहरा पाहिलाय.

हे सगळं रविवारपुरतं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हाच माणूस सोमवार ते शुक्रवार जुरोंग ईस्टच्या ऑफिसात माझा साहेब होता, आणि तिथे त्याच्या हातात परक्या माणसांची पोटं होती.

आमची कंपनी खेळांची आकडेमोड करते. सुरुवात क्रिकेटपासून झाली. कुठला गोलंदाज शेवटच्या षटकांत टिकेल, कुणाचा खांदा पुढच्या वर्षी बोलायला लागेल, असलं सगळं. मग उत्तरेकडच्या देशांतले बेसबॉलचे क्लब गिऱ्हाईक म्हणून आले. त्यांना परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात, म्हणून ते नीट पारखून घेतात. अमेरिकेतल्या लहान गावांत, रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या पिचरांचे, म्हणजे बेसबॉलच्या गोलंदाजांचे, व्हिडिओ आम्ही पाहायचे आणि सांगायचं: हा घ्या, हा नको.

मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. बेसबॉल मला कुणी शिकवला नाही, मी तो रागाने शिकले. ऑफिसातले सगळे पुरुष पहिल्या दिवसापासून बेसबॉलवर मतं द्यायला लागले होते, म्हटलं आपण निदान नियम वाचू.

नियम सोपे आहेत. फलंदाजाच्या छाती-गुडघ्यांच्या मधे हवेत एक चौकट कल्पायची. चेंडू त्या चौकटीतून गेला किंवा फलंदाजाने बॅट फिरवली आणि हुकला, तर तो स्ट्राइक. असे तीन झाले की फलंदाज घरी. चेंडू चौकटीबाहेर गेला आणि फलंदाज शहाण्यासारखा गप्प उभा राहिला, तर तो पिचरच्या नावावर वाईट चेंडू. असे चार झाले की फलंदाजाला धावेच्या वाटेवरची पहिली जागा फुकट. आणि रिलीफ पिचर म्हणजे मूळ पिचर दमला किंवा मार खायला लागला की बोलावतात तो. थोडक्यात, आग लागल्यावर येणारा बंब. त्याने यायचं, विझवायचं, परत जायचं. विझली तर कुणी नाव घेत नाही, नाही विझली तर गावभर बोंब.

एका क्लबला असा एक बंब हवा होता. यादीतली दोन नावं उरली होती, आणि त्यातल्या एकाची फाइल माझ्याकडे आली.

डावखुरा होता. तिशी ओलांडलेला. चेंडूचा वेग असा, की आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमधली आजी त्याहून जोरात टेबल पुसते. फाइलबरोबर त्याच्या एजंटचं चार ओळींचं टिपण होतं: त्याचा सध्याचा क्लब त्याला पुढच्या मोसमात ठेवणार नाही, आणि कुठूनच बोलावणं आलं नाही तर हा गडी खेळणं सोडून सासऱ्याच्या टायरच्या दुकानात बसणार. म्हणजे आमचं ‘हा नको’ हे त्याच्यासाठी टायर होतं.

तिथली रात्र म्हणजे इथली सकाळ. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी उपम्याची ताटली घेऊन त्याचे सामने लावायचे. महिनाभर त्या माणसाला मी सख्ख्या भावापेक्षा जास्त पाहिलं. चेंडू टाकण्याआधी तो टोपी खाली ओढायचा, खांदे सैल सोडायचा आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायचा. शाळेची बॅग भरता भरता माझी मुलगी म्हणाली, “आई, यू ऑलरेडी वॉच दिस अंकल सो मेनी टाइम्स, लाह. ही ओन्ली थ्रो ऑन द फ्लोअर.”

पोरीने एका वाक्यात अख्खा अहवाल सांगितला होता. तो चेंडू जमिनीवरच टाकायचा.

पण कधी, ते पाहा. आधी दोन स्ट्राइक मिळवायचे. ते साध्या चेंडूंनी, चौकटीच्या कडाकडांनी, भाजीवाल्याने माप चोरावं तसे. मग फलंदाजाच्या मानेवर तलवार असताना तोच हात, तीच उंची, तीच फेक, आणि चेंडू मध्यावर आला म्हणून फलंदाज जीव खाऊन बॅट फिरवणार तोच चेंडू दरीत पडल्यासारखा खाली. फलंदाजापुढच्या मातीत. बॅट हवेत, फलंदाज गुडघ्यावर, स्ट्राइक तीन. एक धिप्पाड फलंदाज तर स्वतःभोवती इतका फिरला की, मला वाटतं, त्याला पुढचे दोन दिवस उत्तर-दक्षिण कळलं नसेल. समोरच्या संघाची माणसं आधीच त्या वाटेवरच्या जागांवर धाव घ्यायला टपून उभी असतानाही हा गडी तेच करायचा, आणि टोपी ओढण्याचा वेग तसूभर बदलायचा नाही.

दोष होतेच. लागोपाठ दोन दिवस खेळवला तर दुसऱ्या दिवशी तो चेंडू पडायचा विसरायचा, वरच तरंगत राहायचा, आणि मग फलंदाज त्याला गावाबाहेर नेऊन सोडायचे. शिवाय त्याला मातीतला चेंडू छातीवर घेणारा धीट कॅचर, म्हणजे तिकडचा विकेटकीपर, लागायचा, घाबरट कॅचर असेल तर सगळं फुकट. हे सगळं मी लिहिलं. शेवटी लिहिलं: एक दिवसाआड वापरा, कॅचर चांगला द्या, आणि घ्या.

मग खेळाडूंना गुण देणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये त्याची फाइल टाकली, तर त्याला असे गुण मिळाले की मला वाटलं चुकून माझ्या मुलीचा चिनी भाषेचा पेपर तपासला गेलाय. शेरा: नियंत्रण नाही. घेऊ नये.

मी आत शिरून सूत्र उघडलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सूत्र क्रिकेटचंच होतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. बेसबॉलचं काम आल्यावर त्यांनी ‘वाइड’ची जागा खोडून तिथे ‘चौकटीबाहेरचा चेंडू’ लिहिलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. चेंडू चौकटीबाहेर पडला की उणे. फलंदाजाने बॅट फिरवली का, हुकला का, बाद झाला का, हे विचारायची सोयच नाही. म्हणजे पंच ज्या चेंडूला स्ट्राइक म्हणत होता, ज्यावर माणूस मान खाली घालून घरी जात होता, त्याच चेंडूला आम्ही जुरोंग ईस्टमध्ये बसून वाइड ठरवत होतो. या डावखुऱ्याने जितके फलंदाज गाडले, तितका तो आमच्याकडे नापास होत गेला.

मी लॅपटॉप उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला. जरा जोरात ठेवला असेल. नंतर सांगण्यात आलं की खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीत प्लॅस्टर पडलं.

“सर, हे सूत्र चुकलंय.”

“सूत्र क्लबने मान्य केलंय. मी स्वतः प्रेझेंट केलंय.”

“हा चेंडू बघा. बॅट फिरली, हुकला, बाद. आणि आपण उणे गुण देतोय.”

साहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलले. “अगं, पण टाकलाय कुठे ते बघ ना. टप्पा पडलाय त्याचा. समोरचा मूर्ख होता म्हणून फिरवली त्याने. उद्या शहाणा आला तर?”

“महिनाभर सगळेच मूर्ख येतात का, सर?”

“लहान गावातलं क्रिकेट आहे ते.”

“बेसबॉल.”

“तेच ते. वाइड म्हणजे वाइड, मॅडम.” साहेब चिडले की मी ‘अगं’ची ‘मॅडम’ व्हायचे. “शिस्त नाही त्या माणसात. दुसऱ्या कॅंडिडेटचं बघ, एक चेंडू बाहेर नाही.”

दुसऱ्याचं मी बघितलं होतं. तो उमेदवार इतका शिस्तीचा होता, की प्रत्येक चेंडू फलंदाजाच्या पोटासमोर आणून ठेवायचा, ताट वाढल्यासारखा. फलंदाज पोटभर मारायचे. पण वाइड एकही नाही. आमच्या सूत्रात तो देव होता.

मला खरा संताप कशाचा आला, तर साहेबांना काही कळत नव्हतं असं नाही. पन्नाशीतही ते रविवारी आउटस्विंगर टाकतात, चेंडू आमिष म्हणून कसा टाकतात हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. स्वतः ऑफ-स्टंपबाहेर टाकून अर्ध्या सिंगापूरला स्लिपमध्ये झेलबाद केलंय त्यांनी. पण तेव्हा ती कला असते. दुसऱ्याने केली की बेशिस्त.

म्हटलं, डोळ्यांनी दाखवू. आमच्या ब्लॉकच्या मागच्या मैदानावर रविवारी एक जपानी आजोबा मुलांना बेसबॉल शिकवतात. मी त्यांना गाठून विनंती केली, की आमच्या साहेबांना एक पडणारा चेंडू टाकून दाखवा. आजोबांनी वाकून होकार दिला. क्रिकेट संपल्यावर मी साहेबांना आणि त्यांच्या मागोमाग अख्ख्या टीमला तिकडे घेऊन गेले. सगळ्यांच्या हातात थंड बार्लीच्या पाण्याचे ग्लास आणि चेहऱ्यावर लग्नाला आल्याचा आनंद.

“कॅप्टन, सांभाळून. म्हातारा घातक दिसतोय,” कुणीतरी म्हणालं.

“हेल्मेट देऊ का, कॅप्टन, की वहिनींना फोन लावू?” दुसरा.

साहेबांनी बेसबॉलची गोल बॅट हातात घेतली, वजन केलं, आणि क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून वाकून उभे राहिले. आजोबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग फेकला. काय तो चेंडू. छातीच्या उंचीने आला आणि साहेबांपासून वीतभर अंतरावर धपकन मातीत आपटला. याच चेंडूवर अमेरिकेतली धिप्पाड माणसं गुडघ्यावर आली होती.

साहेबही गुडघ्यावर आले. पण मुद्दाम. पुण्याच्या गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला तो माणूस, त्याने टप्प्याची वाट पाहिली, चेंडू उसळू दिला, आणि असा काही स्वीप मारला की चेंडू रस्त्याकडेच्या झाडांवरून पलीकडच्या बसस्टॉपवर. मी तर म्हणते तो बसमध्ये चढला असणार, कारण पुन्हा सापडला नाही.

टीमने टाळ्या पिटल्या. आजोबा आपला हातमोजा काढून उभे. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, की साठ वर्षं बेसबॉल बघतोय, टप्प्याची वाट बघणारा फलंदाज आज पहिल्यांदा पाहिला. तुमचा हा माणूस आमच्या खेळात कुठेच सापडणार नाही.

मी म्हटलं, “सर, ऐकलंत का? असा फलंदाज नसतोच तिकडे. ते टप्पा पडायच्या आधी मारतात. त्यांचा जन्मच तसा होतो.”

“मग शिकतील की,” साहेब बॅट खांद्यावर टाकत म्हणाले. “एवढा सोपा चेंडू, मॅडम. यावर बाद होतात लोक?”

त्या दिवशी मी घरी चालत गेले. बसमध्ये बसले असते तर ड्रायव्हरशी भांडण झालं असतं. ज्यांना पुरावा दाखवायला नेलं त्या साहेबांनीच तो उलटवला होता, आणि तोही गुडघ्यावर बसून. एका माणसाचा टायरच्या दुकानाकडचा रस्ता आमच्या कॅप्टनच्या स्वीपने डांबर घालून पक्का केला होता. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सिक्स गेला. तो म्हणाला, अरे वा. रात्रीच्या जेवणात मी त्याला मीठ घातलं नाही.

अहवाल क्लबला गेला. पहिल्या पानावर ‘घेऊ नये’. मी लिहिलेले त्याचे गुण-दोष शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत, जिथे औषधाच्या खोक्यावर धोके लिहितात तिथे. मग क्लबच्या माणसाबरोबर व्हिडिओ कॉल ठरला. साहेब बोलणार, मी फक्त स्क्रीन दाखवायची.

“तू म्यूटवर राहा,” साहेब म्हणाले. “प्लीज.”

“राहते की.”

राहिले. स्क्रीनवर क्लबचे गृहस्थ आले. साठीचे, रुंद, आणि त्यांनी चष्मा वर केला तेव्हा बोटं दिसली. एकही सरळ नाही. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस जन्मभर कॅचर होता. मातीतले चेंडू त्याने बोटांवर, नडग्यांवर, दातांवर झेललेत. साहेबांना बोटं दिसली नाहीत. साहेब म्हणाले, “आमच्या मॉडेलनुसार या पिचरचं नियंत्रण कमी आहे. पुढची स्लाइड.”

मी स्लाइड लावली नाही. मी व्हिडिओ लावला. पहिला फलंदाज गुडघ्यावर. दुसरा. तिसरा, तो धिप्पाड, स्वतःभोवती फिरलेला.

“अगं, स्लाइड,” साहेब मराठीत, माइक चालू.

“लावतेय, सर. लोड होतंय,” मीही मराठीत, शेजारच्या खुर्चीवरून, माझा माइक बंदच. चौथा फलंदाज पडला.

“बंद कर ते.”

“होत नाहीये, सर. अडकलंय.” पाचवा.

क्लबच्या गृहस्थांनी वाकडं बोट वर केलं. इंग्रजी आमच्यासारखंच त्यांचंही उसनं, त्यामुळे सगळं नीट कळायचं. ते म्हणाले, “थांबा. हा पुन्हा दाखवा.” मी दाखवला. ते म्हणाले, “पुन्हा.” मग विचारलं, “चौकटीबाहेरच्या चेंडूंवर किती जण बॅट फिरवतात? तुमच्या अहवालात दिसलं नाही.”

साहेब म्हणाले, “ते आमचं मॉडेल मोजत नाही.”

“का?”

साहेबांकडे उत्तर होतं, पण ते रविवारचं होतं, आणि ते इंग्रजीत सांगता येत नव्हतं. मी म्यूट काढला.

“कारण सर, आमचं मॉडेल क्रिकेटसाठी बनलेलं आहे,” मी म्हटलं. “क्रिकेटमध्ये बाहेर टाकणं गुन्हा आहे. ते आम्ही तुमच्या खेळात आणलं. मी मोजलंय. आकडे शेवटच्या पानावर आहेत. दोन स्ट्राइक झाले की तिसऱ्यांदा हा माणूस जवळजवळ सगळ्यांना फसवतो. पण लागोपाठ दोन दिवस खेळवू नका, आणि कॅचर चांगला द्या.”

“कॅचर आहे,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. “मी शिकवलाय.”

कॉल संपल्यावर साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “गिऱ्हाइकासमोर कंपनीची लाज काढलीस.”

“चुकीचा अहवाल पाठवून ती आधीच निघाली होती, सर. मी फक्त दाखवली.”

“म्हणजे तुला बेसबॉल माझ्यापेक्षा जास्त कळतो?”

“हो.”

ते उठून पाणी प्यायला गेले आणि मला वाटतं, त्यांनी मजल्यावरचं सगळं पाणी संपवलं.

क्लबचं उत्तर आठवड्याने आलं. आणि खरं सांगते, ते वाचून मला आनंद झाला नाही, पुन्हा रागच आला. मधल्या काळात क्लबच्या वरच्या माणसांनी आमचं पहिलं पान वाचलं होतं, आणि ‘घेऊ नये’ हे शब्द कुठल्याही भाषेत लवकर वाचले जातात. आमच्या ताट वाढणाऱ्या देवाला त्यांनी पूर्ण मोसमाचा करार देऊन टाकला होता. त्या म्हाताऱ्या कॅचरने भांडून, स्वतःच्या जबाबदारीवर, डावखुऱ्याला फक्त सरावाच्या शिबिराला बोलावलं. तिकडे चमकला तर करार, नाही तर परतीचं तिकीट आणि टायर. एक चांगली, सरळ नोकरी आम्ही त्या माणसाच्या हातातून काढून घेतली, आणि बदल्यात त्याला एक परीक्षा दिली, जी तो महिनाभर माझ्या उपम्यासमोर रोज पास होत होता.

मी ते पत्र वाचत असताना साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनीही वाचलं. हाताची घडी घातली.

“म्हणजे गेलाच शेवटी,” ते म्हणाले.

“शिबिराला.”

“बघ, मी आत्ताच सांगून ठेवतो. तिथे जाऊन हा पहिल्याच दिवशी वाइड टाकेल.”

“टाकू दे, सर,” मी म्हटलं. “त्यासाठीच बोलावलंय त्याला.”